कोपराचं माप

समोरच्या गच्चीवर कालपासून खाट आलीय. खाटेवर धुतलेली जुनी साडी, साडीवर प्लास्टिकचा कागद आणि कागदावर कुरडयांची पांढरी चक्रं. ऊन चढायला लागलं की चिकाचा तो आंबूस, हिंगाचा वास आमच्या खिडकीतून आत येतो. खाली गाडीवाला द्राक्षं विकतोय. हंगाम सरत आला की त्याच्या ओरडण्यात एक घाई येते, ती आलीय. नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या गल्लीत उन्हाळा कॅलेंडर बघून येत नाही. खाटा गच्चीवर चढल्या की आला समजायचं. आणि तो आला की मला मागच्या वर्षीचा उन्हाळा आठवतो. आठवतो म्हणजे काय, टोचतोच.

मी फिटर माणूस. आयटीआय केलं, अंबडच्या एका कारखान्यात लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. पेनापेक्षा लोखंड घासायची कानस माझ्या हातात जास्त शोभते, तेव्हा सांगताना कुठं खरखर राहिली तर सांभाळून घ्या.

माझी बायको सुनंदा सीबीएस बसस्टँडजवळ कोर्टाच्या आवारात एका वकीलसाहेबांकडे टायपिस्ट आहे. खरेदीखतं, बक्षीसपत्रं, प्रतिज्ञापत्रं. टाइपरायटर होते तेव्हापासून ती तिथं आहे. पूर्वी तिला आणायला जायचो तेव्हा जिन्यातूनच तिचा आवाज ओळखू यायचा, म्हणजे तिच्या बोटांचा. बाकीच्यांचं टकटक, टक, टकटक असं अडखळत चालायचं. हिचं एकसारखं, छपरावर पाऊस लागल्यासारखं. मग कॉम्प्युटर आले, आवाज गेला, वेग तोच राहिला. मराठी टायपिंगच्या परीक्षेत बोटांनी जे पाठ केलं ते अजून डोक्याला विचारावं लागत नाही, असं ती म्हणते.

तर महाशिवरात्रीच्या सुमाराला तिच्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. अंगठा आणि शेजारची दोन बोटं. भाजी चिरता चिरता मध्येच हात झटकायची. मी म्हणालो, "अगं, हात अवघडला असेल, होईल बरं." आमच्या घरात कुणाचंही दुखणं मी 'होईल बरं' या दोन शब्दांत बरं करतो. मग एकदा तिच्या हातातून चहाचा कप सुटला. तिनं तो सोडला नव्हता, तो धरलाय की नाही हेच तिला कळलं नव्हतं. त्यानंतर ऑफिसात एका खरेदीखतात एक आख्खी ओळ चुकली, कारण बटण दाबलं गेलं की नाही ते बोटाला समजेना.

वकीलसाहेब भला माणूस. रागावले नाहीत. म्हणाले, "मॅडम, हात सांभाळा. मेच्या सुट्टीपर्यंत जमेल तेवढंच करा, जूनमध्ये कोर्ट उघडलं की बघू." आणि शेजारच्या टेबलावर एक नवीन मुलगी बसवली.

सुनंदा घरी आली, पर्स ठेवली आणि खुर्चीत बसून राहिली. "जूनमध्ये बघू म्हणजे काय ते मला कळतं," ती म्हणाली. मी म्हणालो, मग काय झालं, आराम कर, केतकीकडे बंगळुरूला जाऊन ये. केतकी आमची मुलगी, तिथं कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. सुनंदानं माझ्याकडे रोखून बघितलं. "घरात मी आई आहे, वहिनी आहे, तुमची 'अगं' आहे," ती म्हणाली. "तिथं मला मॅडम म्हणतात. एखादा पक्षकार कागद वाचून म्हणतो, मॅडम, एक चूक नाही हो. ती खुर्ची गेली तर माझं म्हणून काय राहिलं?"

दुसऱ्या दिवशी मी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेलो.

डॉक्टर म्हणाले, मनगटातली नस दबलीय. पट्टा दिला, विश्रांती सांगितली, नाहीच उतरलं तर छोटंसं ऑपरेशन करू म्हणाले. त्यांनी विचारलं, "हाताचं काम काय करता?" ती तोंड उघडायच्या आत मी सांगून मोकळा. "टायपिंग." डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "आणखी?" मी म्हणालो, "आणखी काही नाही. घरचंच." सुनंदा तेव्हा पट्ट्याचे बंद लावत होती.

केतकीला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, बाबा, आमच्याकडे बरेच जण दोन तुकड्यांचा कीबोर्ड वापरतात. डाव्या हाताचा वेगळा, उजव्याचा वेगळा, मधून थोडे उंच. हात खांद्याच्या रेषेत राहतात, मनगट वाकत नाही. शिवाय अधूनमधून उभं राहून काम करायला उंच टेबल असतं. पाठवू का विकत घेऊन? मी म्हणालो, विकत कशाला? पत्र्याला भोकं आणि भोकांत बटणंच ना? आयुष्यभर दुसरं काय केलं मी? बटणं, डायोड आणि ती छोटी सर्किटं तेवढी पाठव, बाकीचं मी बघतो.

खरं सांगतो, त्या दिवसांत मला विलक्षण मजा आली. निवृत्त झाल्यापासून माझे हात नुसते पेपर उलटत होते. मागच्या व्हरांड्यात पत्रा घट्ट पकडून ठेवणारा व्हाइस लावला. ॲल्युमिनियमचा पत्रा आणला. प्रत्येक बटणाला चौकोनी भोक, आणि चौकोन म्हणजे कोपरे, आणि कोपरे म्हणजे कानस. सकाळी आठला बसायचो ते ऊन व्हरांड्यात शिरेपर्यंत. धातूच्या किसाचा वास, हाताला चिकटणारी चंदेरी धूळ आणि गच्च्यांवरून येणारा पापडाच्या पिठाचा वास. देवळालीकडे तोफांचा सराव सुरू झाला की खिडकीच्या काचा थरथरायच्या. तेव्हा सोल्डरची टोकदार सळई वर उचलून धरायची, धप्प असा आवाज विरला की पुन्हा टेकवायची. एवढी बारीक नक्षी मी कारखान्यातही केली नव्हती.

केतकीनं सांगितलं होतं, आईचे दोन्ही पंजे कागदावर ठेवून बाहेरची रेघ मारून घ्या, बोटांच्या लांबीप्रमाणे बटणांच्या रांगा वरखाली करायच्या. मी आपली डाव्याच पंजाची रेघ घेतली. उजव्याला पट्टा होता, आणि उजवा म्हणजे डावाच की, असं मनाशी म्हणालो. दोन पत्रे एकावर एक घट्ट आवळले आणि भोकं एकदमच पाडली. फिटरला हे शिकवावं लागत नाही. एकसारखे दोन नग हवेत तर दोन्ही एकत्र बांधून कानसायचे, केसाचाही फरक पडत नाही. मग दोन्ही पत्र्यांत एकाच बाजूनं बटणं बसवली, मागून डायोड आणि तारा जोडल्या. केसाएवढं माप दाखवणारी व्हर्नियरची पट्टी लावून बघितलं. दोन्ही नग तंतोतंत सारखे. माझे जुने साहेब असते तर पाठ थोपटली असती.

सुनंदा ऑफिसातून आली. मी दोन्ही तुकडे टेबलावर मांडून ठेवले होते. तिनं डावा हात डाव्यावर ठेवला, बोटं अचूक पडली. उजवा उजव्यावर ठेवला आणि तिची करंगळी जिथं अंगठा हवा तिथं गेली. दोनदा ठेवून बघितलं. मग हळूच म्हणाली, "अहो, मला दोन डावे हात आहेत असं वाटलं का तुम्हाला?"

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. एकसारखे नग काढण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे सुचलंच नाही की माणसाचे हात एकसारखे नसतात, एकमेकांच्या समोरासमोर असतात. पत्रा नुसता उलटा करून बटणं बसवली असती तरी उजवा झाला असता. केतकी फोनवर इतकी हसली की तिला ठसका लागला. सुनंदाही हसली, आणि त्या महिन्यात ती पहिल्यांदाच हसत होती, म्हणून मी रागावलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एकेक तार सोडवायला घेतली.

मग टेबल. चौकोनी पाइप घेतले, वर जाड प्लायवूड, वेल्डिंग ओळखीच्या वर्कशॉपमध्ये जाऊन स्वतः मारलं. उंची किती ठेवायची याचा मी फार विचार केला नाही. स्वयंपाकघरात गेलो, ओट्याची उंची मोजली, तेवढीच ठेवली. म्हटलं, हिला उभं राहून काम करायची सवय याच उंचीची आहे. टेबल खिडकीशी लावलं, त्यावर घरचा कॉम्प्युटर ठेवला, कीबोर्डाचे दोन्ही तुकडे खांद्याच्या अंतरावर मांडले आणि तिला हाक मारली.

ती उभी राहिली. हात ठेवले आणि पुढे वाकली. पाठीला पोक, मनगटं वर मुडपलेली. मी म्हणालो, "सरळ उभी राहा ना." ती म्हणाली, "सरळ उभी राहिले तर हात पोचत नाहीत."

"अगं, बरोब्बर ओट्याएवढं केलंय."

"ओटा आईंच्या मापाचा आहे," ती म्हणाली.

माझी आई ठेंगणी होती, माझ्या खांद्याच्याही खाली यायची. घर घेतलं तेव्हा गवंड्यानं तिला उभं करून ओटा बांधला. आईला जाऊन बारा वर्षं झाली. सुनंदा उंच आहे, लग्नात तर लोक मलाच बघून हसले होते. ही उंच बाई लग्न झाल्यापासून, म्हणजे सव्वीस वर्षं, त्या ओट्याशी वाकून उभी आहे आणि मी रोज तिथंच बसून नाश्ता करतो. "कधी बोलली नाहीस?" मी विचारलं. ती म्हणाली, "ओटा कोण बदलतं?" तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तेच मला जास्त लागलं.

मी टेप आणली. म्हणालो, सरळ उभी राहा, खांदे सैल, कोपर अंगाशी. जमिनीपासून कोपरापर्यंत टेप धरली. ती लाजली. एवढ्या वर्षांत शिंप्याशिवाय कुणी तिचं माप घेतलं नव्हतं. टेबलाच्या पायांना खालून तुकडे जोडून ते तिच्या कोपराला आणलं. आज हे लिहितोय तेही त्याच टेबलाशी उभा राहून. मला ते उंच पडतं, खांदे उचलून लिहावं लागतं आणि मान भरून येते. येऊ दे. वाकून उभं राहणं काय असतं ते मला ठाऊक नाही, निदान हे तरी कळावं.

नवीन कीबोर्डावर हात बसायला तिला तीन आठवडे लागले. मधल्या रांगेतलं एक बटण ती आयुष्यभर उजव्या हाताच्या बोटानं मारत आलेली, ते आता डाव्या तुकड्यात गेलं होतं. दर ओळीला तिचं बोट दोन तुकड्यांच्या मधल्या मोकळ्या लाकडावर आपटायचं. रागानं डोळ्यांत पाणी यायचं. एकदा म्हणाली, "तो जुनाच द्या, दुखू दे." मी चहा करून आणला. एप्रिल संपता संपता एका दुपारी मी व्हरांड्यात होतो आणि आतून, नव्या बटणांचा, तो जुना आवाज आला. एकसारखा, न अडखळता. मी हातातलं काम तसंच ठेवून ऐकत बसलो. टायपिंग करताना आता अजिबात दुखत नाही, असं तिनं त्या संध्याकाळी स्वतःहून सांगितलं.

पण हात बरा होईना. सकाळी उठली की बोटं बधिर. पोळ्या करून झाल्या की बधिर. सुट्टीचे दिवस चालले होते आणि जून जवळ येत होता. मी वैतागलो. पत्रा कानसला, दोनदा तारा जोडल्या, टेबल दोनदा केलं, तरी पालथ्या घड्यावर पाणी. एकदा मी बोलूनही गेलो, "आता आणखी काय करू मी?" ती म्हणाली, "तुम्ही केलंत की खूप." असं म्हणून ती पीठ मळायला गेली.

कारखान्यात आमच्याकडे टाइम स्टडीवाला यायचा. हातात घड्याळ, पाठीशी उभा राहून आपण नट किती वेळा उचलतो, कितीदा वाकतो ते लिहायचा. आम्हाला त्याची चीड यायची. मला काय सुचलं कोण जाणे, दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन मी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकली. म्हणालो, "मी इथं बसतो, तुझं चालू दे." ती म्हणाली, "उन्हानं डोकं फिरलंय का?" मी लिहीत गेलो. परातीत पीठ मळलं, मनगटानं दाबून दाबून. पोळ्या लाटल्या. कुकरचं झाकण बसवलं. फडकं पिळलं. ओटा घासला, पुन्हा फडकं पिळलं. नारळ खवला. ताक घुसळलं. बादलीतून माझा शर्ट काढून पिळला, कॉलर घासली, पुन्हा पिळला. मग शेजारच्या अहिरेवहिनींची हाक आली, चीक शिजत आलाय, या. ही गेली. वाफाळता चीक लाकडी दांड्यानं घाटला आणि सोऱ्याची मूठ आवळून कुरडया घातल्या, सबंध खाटभर. मी वही घेऊन गच्चीवरही गेलो. पान भरलं, उलटलं, तेही भरलं. दुपारी ती टेबलाशी उभी राहिली तेव्हा शेवटच्या ओळीत मी लिहिलं, टायपिंग.

मी वही पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचली. डॉक्टरांना मी सांगितलं होतं, घरचंच. मला माझी लाज वाटली. दुसरा शब्द नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो माझ्या घरात होता आणि दिवा पुसायचं कामसुद्धा तिच्याकडेच होतं.

त्या दिवसापासून परात माझ्याकडे आली. पहिलं पीठ इतकं सैल झालं की हाताला चिकटून कोपरापर्यंत चढलं. ती दारात उभी राहून म्हणाली, "पाणी हळूहळू घालायचं असतं." दुसऱ्या दिवशी दगड झाला. चौथ्या दिवशी तिनं बोटानं दाबून बघितलं आणि सरळ पोळ्या करायला घेतल्या, म्हणजे पास झालो. फडकी मी पिळायला लागलो, कपडे मी पिळायला लागलो. ओट्यावर पोळ्या लाटायला शिसवी लाकडाचा एक चौथरा करून बसवला, तिच्या मापाचा. आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या गच्चीवर सोऱ्या मी फिरवला. अहिरेवहिनी सटाण्याकडच्या, त्यांच्या जिभेला हाड नाही. कठड्यावरून म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही? वहिनीनं कामावर ठेवलं की काय?" मी म्हणालो, "हो, अजून पर्मनंट केलं नाही." त्या दिवशीच्या कुरडया वेड्यावाकड्या झाल्या होत्या, काही तर शेवयांच्या गुंत्यासारख्या. पण तळल्यावर फुलल्या.

जूनमध्ये कोर्ट उघडलं. इगतपुरीकडून ढग सरकत येत होते, नाशकात नुसता दमट उकाडा. सुनंदानं कीबोर्डाचे दोन्ही तुकडे टॉवेलमध्ये गुंडाळून पिशवीत घातले. पट्टाही घेतला, मग काढून ठेवला, मग पुन्हा घेतला. मी स्टॉपपर्यंत सोडायला गेलो. बसमध्ये चढताना तिनं दांडी उजव्या हातानं धरली. दिवसभर मी दोनदा पीठ मळलं, गरज नसताना.

ती साडेसहाला आली. चेहऱ्यावरून मला काही कळेना. पाणी प्यायली. पिशवी टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "मोठं वाटणीपत्र होतं. भावाभावांचं. सकाळी त्या मुलीला दिलं होतं, तिनं दुपारपर्यंत अर्धं केलं आणि रडायला लागली. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी केलं पूर्ण. पट्टा पिशवीतच राहिला."

"मग?"

"मग काय? साहेब म्हणाले, मॅडम, उद्या दोन आहेत."

मी तिच्यासाठी खुर्ची ओढली. ती पदरानं मान पुसत होती, दमली होती, पण ताठ उभी होती.

"ती मुलगी काम संपल्यावर माझ्याजवळ आली," सुनंदा म्हणाली. "तिचाही हात दुखतो म्हणे, घरी कुणाला सांगत नाही. कीबोर्ड हातात घेऊन बघत होती. म्हणाली, मॅडम, असा कुठं मिळतो?"

मी वाट बघत होतो. आता ही म्हणणार, आमच्या ह्यांनी केला. खोटं कशाला बोलू, मला ते ऐकायचं होतं.

"मी म्हटलं, मिळत नाही," ती म्हणाली. "आधी घरातल्या माणसानं तुझं माप घ्यावं लागतं. माझं घ्यायला सव्वीस वर्षं लागली. तू आजच घरी जाऊन सांग."